'इनसाइड आउट २' पहिल्याइतका भिडतो? माझं उत्तर: नाही

सांजवारा

'मुलांसोबत काय पाहिलं' या धाग्यावर चित्रवेडा यांनी काल लिहिलं की 'इनसाइड आउट २' पहिल्या भागापेक्षा कितीतरी सरस आहे, पहिला गोड पण बालिश होता, आणि दुसऱ्याने दुप्पट गल्ला जमवला म्हणजे लोकांनी कौल दिलेलाच आहे. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात जॉय (आनंद), सॅडनेस (दुःख), फिअर (भीती) अशा भावना पात्रं होऊन एका मुख्यालयात बसतात आणि तिथल्या कळफलकावरून तिला चालवतात; दुसऱ्या भागात त्यांत अँक्झायटी (चिंता) येते.

आधी गल्ल्याचं. पहिल्याने (२०१५) सुमारे ८५ कोटी डॉलर मिळवले आणि दुसऱ्याने (२०२४) १६९ कोटींच्या आसपास, हे खरं. पण २०२५ मध्ये चीनच्या 'नेझा २'ने त्याहून जास्त मिळवले. मग तो आणखी भिडणारा म्हणायचा का? लोक पहिल्याच्या प्रेमापोटी दुसऱ्याला गेले. तो कौल पहिल्यालाच होता.

आता 'बालिश'. बिंगबाँगचा, म्हणजे रायलीच्या लहानपणीच्या काल्पनिक मित्राचा, प्रसंग आठवा. तो आणि जॉय विस्मृतीच्या खड्ड्यात अडकलेत. गाणं म्हटलं की उडणारी गाडी आहे, पण दोघांचं वजन घेऊन ती काठापर्यंत पोचत नाही. शेवटच्या खेपेला तो जॉयला आणखी मोठ्याने गायला लावतो आणि मधेच उडी टाकतो. ती वर पोचते, मागे वळते, तर हा खाली आनंदाने नाचतोय आणि नाचता नाचता विरत चाललाय. मला यातलं सगळ्यात जास्त काय लागतं, तर रायलीला हे कधीच कळत नाही. तिच्यासाठी कुणीतरी स्वतःला संपवलं आणि तिला तो आठवतही नाही. किंबहुना ती विसरली म्हणूनच तो गेला. मोठं होताना आपल्या हातून असं काय काय सुटलं, ते आपल्यालाही सांगता येणार नाही. हे ज्याला सुचलं त्याच्या सिनेमाला बालिश म्हणता?

त्याच्या थोडं आधी याच बिंगबाँगची गाडी खड्ड्यात ढकलली जाते. तो कोसळतो. जॉय गुदगुल्या करते, वेडेवाकडे चेहरे करते, चल चल म्हणते. सॅडनेस फक्त शेजारी बसते आणि म्हणते, तुझी लाडकी वस्तू त्यांनी नेली, आता ती परत यायची नाही. तो रडून घेतो आणि उठतो. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनी सुरुवातीला जॉयच्या जोडीला सॅडनेस नव्हे, फिअर ठेवला होता. बरंच काम झाल्यावर त्यांनी ती जोडी मोडली आणि सॅडनेसला पुढे आणलं. तो निर्णय घेतला नसता तर आज आपण या सिनेमावर बोलतही नसतो.

दुसऱ्या भागात असं काय हरवतं? रायलीच्या 'स्व'चा तो झाडासारखा आकार अँक्झायटी उपटून मनाच्या टोकाला फेकते, जॉय आणि मंडळी तो शोधायला निघतात, परत येतात. पहिल्या भागातही मुख्यालयाबाहेर फेकलं जाणं आणि परत येणं हीच वाट होती. मैत्रिणी दुखावल्या जातात आणि एका माफीत परत मिळतात. रायली हॉकी खेळते; तिथल्या पेनल्टी बॉक्समधला (चूक केलेल्या खेळाडूला बसवतात ती जागा) तो पॅनिकचा, भीतीच्या झटक्याचा प्रसंग मी श्वास रोखून पाहिला, ते मान्य करते. पण श्वास रोखून पाहणं वेगळं आणि घरी आल्यावरही मनातून न जाणं वेगळं. दुसरा भाग संपला तेव्हा मला हुश्श झालं. पहिला संपल्यावर मी आईला फोन केला होता.

चित्रवेडा

माझा एक शब्द उचललात आणि बाकीचा प्रतिसाद सोडून दिलात, हे पटलं नाही. गल्ला मी शेवटच्या ओळीत लिहिला होता. मुख्य मुद्दा वेगळाच होता, तो पुन्हा मांडतो.

पहिल्या भागात जॉय चुकते ती अजाणतेपणी. सॅडनेसचा उपयोग काय हे तिला ठाऊकच नसतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ती काय करते पाहा. रायलीला लाज आणणारी, खजील करणारी प्रत्येक आठवण ती नळीत घालून मनाच्या मागच्या टोकाला पाठवून देते आणि म्हणते की आपण हिला चांगली मुलगी बनवतोय. पुढे अँक्झायटी जे करते त्याची सुरुवात जॉयनेच केलेली असते. दोघींचं पाप एकच: ही मुलगी कोण असावी हे आपण ठरवायचं. पहिल्या भागात आपण जिच्यावर जीव टाकला, तिलाच दुसऱ्या भागात गुन्हेगार ठरवायला हिंमत लागते.

आणि काय हरवतं म्हणता? 'मी चांगली माणूस आहे' हे वाक्य हरवतं. ते परत येतच नाही. शेवटी जे उगवतं त्यात 'मी चांगली आहे', 'मी स्वार्थी आहे', 'मला मदत लागते' हे सगळं एकमेकांत फिरत राहतं. लहानपणी प्रत्येकाला वाटत असतं की आपण चांगले आहोत, ती खात्री एकदा गेली की गेलीच. बिंगबाँग हे काल्पनिक मित्राचं मरण आहे. हे त्याहून जवळचं आहे.

जॉय एका जागी कोसळते आणि म्हणते, कदाचित मोठं होण्यात हेच होत असेल, आनंद कमी कमी होत जातो. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ, बहुतेक साठीचे, त्या वाक्याला चष्मा पुसत होते.

गोदाकाठ

अवांतर, पण मला हे बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही दोघं ज्या प्रसंगांवर एवढं लिहिताय ते आपल्या किती मुलांपर्यंत पोचले? दीड तासाचा सिनेमा, त्यात आपली थिएटरवाली मंडळी मध्यंतर घुसवतात. पडद्यावर रायलीचं मन ढासळत असतं आणि अचानक दिवे लागतात. हा सिनेमा मध्यंतरासाठी रचलेलाच नाही.

त्याहून मोठं दुखणं भाषेचं. हिंदीत रायलीला अनन्या पांडेचा आवाज दिला, त्याची जाहिरातही झाली. 'मुफासा' हा सिनेमा हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. त्यात टिमॉनचा हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा. म्हणजे आवाज आपला, पण भाषा आपली नाही. जपानसाठी याच पहिल्या भागात ब्रोकोलीच्या जागी हिरवी ढोबळी मिरची दाखवली, कारण तिथली मुलं तिला नाक मुरडतात. एका भाजीसाठी चित्र बदलतात, आणि इतक्या कोटी मराठी माणसांसाठी आवाज बदलत नाहीत. माझी आई नातीच्या शेजारी बसून पाहत होती. सगळ्यांचे डोळे ओले आणि तिला कळेना कोण कुणाला काय म्हणालं. नात सांगत बसली, तिचाही अर्धा सिनेमा गेला.

फ्रीमाँटकर

गोदाकाठ, मुद्दा रास्त आहे, वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

मूळ प्रश्नावर: माझ्यासाठी तुलनाच होऊ शकत नाही. आम्ही साताऱ्याहून इकडे आलो तेव्हा मुलगी पाचवीत होती. रायली मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला येते आणि हिचं सामान कुठल्या तरी ट्रकमध्ये अडकून पडतं, तिथपासून आमच्या घरात कुणी बोलेना. त्यात एक छोटा प्रसंग आहे, त्याबद्दल फार कुणी लिहीत नाही. रात्री आई रायलीच्या खोलीत येते आणि प्रेमाने सांगते की बाबा फार ताणात आहेत, आपण दोघी हसतमुख राहिलो तर त्यांना मदत होईल. तिथे सगळं आहे. सॅडनेसला फक्त जॉयने नाही, घरानेही बाहेर यायचं नाही म्हणून आखलेल्या वर्तुळात उभं केलेलं असतं. प्रेमळ आईने, कौतुकाने.

आमच्या लेकीला फोनवर सगळे नातेवाईक एकच म्हणायचे: नशीबवान आहेस, अमेरिकेत शिकतेस. मग तिने कुणाला सांगायचं की तिला वाड्यातली मांजर आठवते? रायली बसमधून उतरून घरी परत येते आणि म्हणते, मला घरची आठवण येते, तुम्हाला मी आनंदी हवी आहे, रागावू नका, तेव्हा आमची मुलगी उठून तिच्या आईच्या मांडीवर जाऊन बसली. तेवढी मोठी झालेली मुलगी. दुसरा भाग तिने मैत्रिणींसोबत पाहिला, आवडला म्हणाली, आणि पुढच्या गोष्टीवर बोलू लागली.

पाऊसवेळ

फ्रीमाँटकर, तुमच्या प्रतिसादावरून 'किल्ला' हा मराठी सिनेमा आठवला. तोही २०१५च्या जूनमध्येच लागला होता. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील गेलेले, आईची बदली, पुण्याहून कोकणात. नवे मित्र त्याला पावसात किल्ल्यावर एकटा सोडून निघून जातात, आणि नंतर तो त्यांच्याशी बोलेनासा होतो. रायली आणि चिन्मय एकाच वयाचे, एकाच दुखण्याचे. फरक असा की चिन्मयच्या डोक्यात काय चाललंय हे दिग्दर्शक अविनाश अरुण यांना पात्रं करून दाखवावं लागलं नाही. समुद्र आणि अमृता सुभाषचा चेहरा पुरला. मला 'इनसाइड आउट'चे दोन्ही भाग आवडतात, पण हे भावनांचं मुख्यालय, कळफलक, गोळे, नळ्या दुसऱ्यांदा आले तेव्हा यंत्रणा जास्त दिसली आणि मूल कमी. पहिल्यात नवलाईने ते झाकलं गेलं होतं.

निवृत्त_मास्तर

उभा जन्म शिकवण्यात गेला, म्हणून बोलतो. मला दुसऱ्या भागाबद्दल वेगळीच तक्रार आहे आणि ती कुणी घेतली नाही. एक सुखवस्तू मुलगी खेळाच्या शिबिराला जाते, मैत्रिणी दुसऱ्या शाळेत जाणार म्हणून कळतं, प्रशिक्षिकेच्या वहीत 'अजून तयार नाही' असं वाचते, आणि तिचा श्वास कोंडतो. याला संकट म्हणायचं? हे दाखवून आपण मुलांना शिकवलं काय? हा सिनेमा आल्यापासून नात चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणते, आजोबा, मला अँक्झायटी आहे. आमच्याही पोटात गोळा यायचा. पाटी घेऊन बसलो की जायचा. भीतीला नाव दिलं, चेहरा दिला, वर नारिंगी केस दिले, की ती घरातच मुक्कामाला येते. पहिल्या भागात निदान दुःख ही सर्वांची गोष्ट होती.

आरती_लातूर

मास्तर, वयाचा मान ठेवून सांगते, पण हे वाचून संताप आला.

मी लातूरला राहते. इथे अकरावी-बारावीला कुठून कुठून मुलं येतात, नांदेड, बीड, धाराशिवच्या खेड्यांतून, नीटच्या तयारीला. घरी जमीन विकलेली असते किंवा गहाण असते. पोराच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीवर मार्कांचा तक्ता. माझा भाचा असाच आलेला. एका टेस्टच्या आदल्या रात्री त्याला श्वास घेता येईना, हात बधिर झाले, छातीत दुखायला लागलं. होस्टेलवर म्हणाले पित्त झालंय. आम्ही दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, सगळं बरोबर निघालं. मग काय, गावाकडून फोन सुरू: हृदयाला काही नाही म्हणजे नाटक आहे, अभ्यास नको म्हणून. त्या पोराने त्यानंतर कुणाला काही सांगणंच सोडलं. पुन्हा व्हायचं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन बसायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

हा सिनेमा तो आमच्याकडे आला असताना टीव्हीवर पाहिला. पेनल्टी बॉक्स आला. अँक्झायटी त्या कळफलकाभोवती वावटळीसारखी फिरतेय, इतकी जोरात की तिला स्वतःलाही थांबता येत नाही, आणि मधे तिचीच प्रतिमा डोळ्यांत पाणी घेऊन थिजलेली. तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, असंच होतं." एवढंच म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याने त्याबद्दल उच्चारलेले पहिले शब्द होते ते.

संकट मोठं होतं की लहान हे तुम्ही बाहेरून कसं ठरवणार? आणि सांजवारा, तुम्हालाही हेच सांगायचं आहे. तुम्हाला हुश्श झालं. ज्याच्या घरात हे घडलंय त्याला हुश्श होत नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या भाच्याचं दुखणं खोटं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. जमीन विकून आलेल्या पोराचा ताण आणि हॉकीच्या शिबिरातल्या मुलीचा ताण एका तराजूत घालणं मला जमत नाही, इतकंच. उलट माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. भाच्यावर भार टाकणारे मोठे लोक होते, क्लास होते, मार्कांचे तक्ते होते. सिनेमात तसं कुणीच दोषी नाही. सगळं त्या मुलीच्या डोक्यातच. म्हणजे तिने श्वास नीट घेतला की प्रश्न मिटला. तक्ता भिंतीवर तसाच.

मीरा_ठाणे

मी शाळेत समुपदेशक आहे. मास्तरांचं शेवटचं वाक्य मला खूप महत्त्वाचं वाटलं, पहिला प्रतिसाद मात्र अजिबात पटला नाही.

भीतीला नाव दिलं की ती मुक्कामाला येते, हे माझ्या अनुभवात उलटं आहे. नाव नसतं तेव्हा मुलाला वाटतं आपण मरतोय किंवा वेडे होतोय. या सिनेमासाठी मानसतज्ज्ञ डॅकर केल्टनर आणि लिसा डमूर यांचा सल्ला घेतला होता, शिवाय दिग्दर्शक केल्सी मान यांच्या चमूने किशोरवयीन मुलींचा एक गट बसवून त्यांना वेळोवेळी सिनेमा दाखवला. ते दिसतं. रायली बाकाचं लाकूड चाचपते, बर्फावर घासणाऱ्या स्केट्सचा आवाज तिला ऐकू येऊ लागतो, अंगावर ऊन जाणवतं. आम्ही मुलांना नेमकं हेच सांगतो: हाताला काय लागतंय, कानाला काय ऐकू येतंय. आणि अँक्झायटीला हाकलून दिलेलं नाही. तिला शेवटी आरामखुर्ची मिळते. उद्याच्या पेपरची काळजी कर, ते तुझं काम, पण सगळा कळफलक तुझा नाही. मास्तर, तुमच्या नातीला हे सांगा ना. "अँक्झायटी आहे? बरं, ती काय म्हणतेय? कुठला धडा राहिलाय?" तिथून बोलणं सुरू होतं.

माझी तक्रार आहे ती पुढे. असा झटका साधारण काही मिनिटांत ओसरतो, सिनेमात ते बरोबर आहे. पण मुलाला खरा छळ सुरू होतो त्यानंतर: पुन्हा झालं तर? वर्गात झालं तर? सगळ्यांसमोर? आरतीताईंचा भाचा बाथरूममध्ये जाऊन बसायचा तो याच भीतीने. सिनेमा इथे पाचव्या मिनिटाला मैत्रिणींना मिठी मारून मोकळा होतो. ही पोकळी मला डाचते. त्या अर्थाने सांजवारा म्हणतात ते खरं आहे, किंमत चुकवलेली दिसत नाही.

अकरावी_सायन्स

मी इथे फक्त वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. पहिला भाग आला तेव्हा मी अगदी लहान होतो. नंतर घरी पाहिला. बिंगबाँग गेला तेव्हा बाबा रडत होते आणि मी त्यांना विचारत होतो की काय झालं, तो हत्ती परत येईल ना. मला मजेशीर वाटलेला तो सिनेमा. दुसरा थिएटरमध्ये पाहिला, तेव्हा बाबा पॉपकॉर्न खात होते आणि मी तोंड वळवून बसलो होतो, त्यांना दिसू नये म्हणून. मला वाटतं पहिला भाग आई-बाबांसाठी आहे. त्यांचं मूल मोठं होतंय म्हणून त्यांना रडू येतं. आम्हाला कसं कळणार आम्ही काय विसरलो? दुसरा आमचा आहे. तुम्ही सगळे मोठे लोक ठरवताय की कुठला जास्त भिडतो.

आणि मास्तर आजोबा, वहीतलं ते वाक्य रायली चोरून वाचते. 'अजून तयार नाही.' ते मला रोज ऐकू येतं. शिबिराची गोष्ट नाही ती.

चित्रवेडा

अकरावी_सायन्स, तुझा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात चांगला आहे. मी तीन परिच्छेदांत जे सांगू शकलो नाही ते तू सांगितलंस.

सांजवारा, आता उत्तर द्या. पहिल्या भागाचं दुःख मागे वळून पाहणाऱ्याचं आहे. ते सुंदर आहे, पण त्याला अंतर आहे, सुरक्षितता आहे. दुसऱ्याचं दुःख आत्ता चालू आहे. चालू दुखण्यावर हात ठेवणं जास्त अवघड.

सांजवारा

देते.

अकरावी_सायन्स, तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि तुझ्या अनुभवाशी मी वाद घालणार नाही. पण 'पहिला आई-बाबांसाठी' हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. वर फ्रीमाँटकरांची पाचवीतली मुलगी आहे. ती काही मागे वळून पाहत नव्हती, तिचं गाव त्याच वर्षी सुटलं होतं. तिच्यासाठी पहिला भाग चालूच होता. म्हणजे ज्याला जे दुखतंय त्याला तो भाग भिडतो, इथवर मी येते. आरतीताई, तुमच्या भाच्याला तोंड फुटलं, त्यापुढे माझी तक्रार क्षुल्लक आहे हेही मान्य.

तरीही, एखाद्याला आपलं दुखणं पडद्यावर दिसणं ही सिनेमाची मोठी देणगी असली तरी तेवढ्याने तो सिनेमा पहिल्याच्या तोडीचा होत नाही. उदाहरण देते, आणि तेही दुसऱ्या भागाचंच, म्हणजे मला पुढच्या भागांचं वावडं आहे असं कुणी म्हणायला नको. २०२२चा 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'. आठ जन्म संपलेला, मरणाला घाबरलेला तो मिजासखोर बोका जंगलात पळत सुटतो आणि झाडाला टेकून धापा टाकत बसतो. तिथे त्याच्यामागून तो भाबडा कुत्रा येतो, एक शब्द बोलत नाही, बोक्याच्या पोटावर डोकं ठेवतो. बस्स. हळूहळू श्वास थाऱ्यावर येतो. तोही पॅनिकचाच प्रसंग, दोन वर्षं आधीचा, वावटळीशिवाय, कळफलकाशिवाय. आणि तो मला जास्त हलवून गेला, कारण तिथे दुसरं कुणीतरी आहे. पहिल्या 'इनसाइड आउट'मध्येही सॅडनेस बिंगबाँगच्या शेजारी बसते, रायली शेवटी आई-बाबांच्या मिठीत रडते. दुसऱ्या भागात रायली त्या बॉक्समध्ये एकटी आहे. तिला सोडवतात तिच्याच डोक्यातली पात्रं. मैत्रिणी येतात त्या झटका ओसरल्यावर. मास्तर म्हणाले सगळं तिच्या डोक्यातच, ते मला फार पटलं, त्यांचा बाकीचा प्रतिसाद पटला नसला तरी.

चित्रवेडा

बोका-कुत्र्याचा प्रसंग उत्तम आहे, नाकारत नाही. पण तो सिनेमा बोक्याच्या मनात काय चाललंय हे दाखवायला बसलेला नाही. 'इनसाइड आउट'ची अटच ती आहे की आपण आत आहोत. आणि एकटी असण्याबद्दल: तेरा वर्षांच्या मुलीला हे होतं तेव्हा ती एकटीच असते. आई-बाबांच्या मिठीत जाऊन सांगण्याचं वय संपलेलं असतं. आरतीताईंचा भाचा कुणाच्या मिठीत गेला? बाथरूममध्ये गेला. सिनेमाने ते एकटेपण तसंच ठेवलं, हा प्रामाणिकपणा आहे.

आरती_लातूर

चित्रवेडा, माझ्या भाच्याला वादातलं उदाहरण करू नका, प्लीज. तो एकटा होता कारण आम्ही त्याला नाटकी ठरवलं होतं. वयामुळे नाही. आज त्याला त्रास झाला तर तो फोन करतो, आणि आम्ही काही न बोलता तिकडून ऐकत राहतो. सांजवारांचा कुत्रा मला जास्त खरा वाटला.

निवृत्त_मास्तर

आरतीताई, मुलगा आता बरा आहे हे वाचून समाधान वाटलं. परीक्षेचं काय झालं ते विचारत नाही.

मीराताईंनी सांगितलेलं नातीवर करून पाहीन. माझं मत बदललेलं नाही. पण धडा कुठला राहिलाय हे विचारायला हरकत नाही, ते मी तसंही विचारलंच असतं.

गोदाकाठ

मास्तर, नातीला विचाराल तेव्हा कुठल्या भाषेत विचाराल? मराठीत ना? ती मात्र 'अँक्झायटी' म्हणते, कारण तिने तो सिनेमा मराठीत पाहिलाच नाही. एवढा मोठा वाद झाला, त्यात एकालाही मराठी आवाजात एक संवाद आठवत नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. फ्रीमाँटकर, धागा काढतोय, याल म्हणालात, या.

फ्रीमाँटकर

येतो. चित्रवेडा यांना एक: आई-बाबांच्या मिठीत जाण्याचं वय संपतं असं तुम्ही फार ठामपणे म्हणालात. आमची आता वीस वर्षांची आहे. अजून येते.

चित्रवेडा

'बालिश' मागे घेतो, फ्रीमाँटकरांच्या पहिल्या प्रतिसादासाठी. 'सरस' मागे घेत नाही. पहिल्याला ऑस्कर मिळालं आणि दुसऱ्याचं २०२५ला लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला गेलं, हे आता कुणीतरी काढेल, म्हणून आधीच सांगतो: 'फ्लो'ला ते मिळायलाच हवं होतं. आणि शेवट आठवा. रायली संघात निवडली गेली की नाही हे आपल्याला सांगितलंच नाही. ती यादी बघते, आरशात बघते आणि हसते. निकाल न सांगता संपणारा मुलांचा सिनेमा मला तरी दुसरा आठवत नाही. सांजवारा, तुमच्या यादीत असेल तर सांगा, मी बघेन.